घर, कोश आणि ‘शिक्षा’ हा शब्द

मी, देवदत्त भय्यासाहेब टोकेकर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार नेपियर टाउन, जबलपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दबाव आणायला घरात कोणी नाही. हल्ली याला इच्छापत्र म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्यात मरण झाकले जाते, म्हणून मी जुनाच ठेवला. वकील अनुपम तिवारी यांनी मराठी नमुन्यावरून केलेल्या मसुद्यातला ‘मयत’ मात्र काढला. तो पंचनाम्यातला शब्द आहे. ‘माझ्या पश्चात’ पुरे.

एक. राहते घर नात प्रणोती हिला द्यावे. मुलगा व सून यांना भोपाळचे घर हयातीतच घेऊन दिले आहे, त्यांची तक्रार नाही. त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि प्रणोती इथेच, माझी पत्नी कै. इंदिरा हिच्या हाताखाली वाढली. इंदिरा नागपूरकडची. मला उशीर झाला की विचारायची, ‘काहून उशीर केला?’ ‘का’ विचारणाऱ्याला उत्तर हवे असते. ‘काहून’ विचारणारीला माणूस घरी आला एवढे पुरत असे. आता हा शब्द या घरात कोणी बोलत नाही.

दोन. अंत्यविधीचा खर्च वजा जाता बँकेतील शिल्लक मराठी वाचनालयास द्यावी. तिथली मासिके मी जाईपर्यंत कोणी उघडलेली नसतात.

तीन. माझा मराठी शब्दकोश बहिणीचा मुलगा विपुल, राहणार पुणे, यास द्यावा. पुण्यात राहिल्यामुळे आपल्याला त्याची गरज नाही, असा त्याचा समज आहे. इंदिराच्या तेराव्याला प्रणोती उभी राहून म्हणाली, ‘आजीने मला खूप शिक्षा दिली. मी आज जी आहे, ती तिच्या शिक्षेमुळे.’ पोरगी हिंदी शाळेत शिकलेली. तिच्या लेखी शिक्षा म्हणजे शिक्षण. विपुल हसला, आजी छडीने मारायची की पट्टीने असे त्याने विचारले, आणि दुःखाच्या घरात चार माणसे त्याच्याबरोबर हसली. मी त्याला तिथल्या तिथे सुनावले की संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवणेच, आणि ‘शिक्षक’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे, नाहीतर मी जन्मभर पोरांना शिक्षाच केली असे होईल. माझे काही जुने विद्यार्थी तसेही म्हणतील. पण तोवर प्रणोती स्वयंपाकघरात निघून गेली होती.

त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठी बोललेली नाही. इंदूरहून दर रविवारी फोन करते. पूर्वी ‘आजोबा, गोळी घेतली ना?’ असे असायचे. आता ‘दादाजी, दवाई ली?’ असते. ‘दादाजी’मध्ये आदर पुष्कळ आहे. मला आदर नको, माझी नात हवी आहे.

चार. स्कूटर रांझी भागात राहणारा माझा मित्र तुळशीराम यास द्यावी. तो गुरुवारी येतो. त्याला ऐकू कमी येते, पण बसतो.

पाच. प्रणोतीने माझ्याशी मराठीत बोलावे. चुकीचे, अर्धे, हिंदी मिसळून, कसेही. तिवारींनी इथे ‘अट’ लिहिले होते. ते मी खोडले. ती बोलो न बोलो, घर तिचेच आहे. मग ‘अपेक्षा’ लिहिले. तो प्रगतिपुस्तकातला शब्द वाटला. शेवटी ‘विनंती’ ठेवला.

तिवारींनी कलम वाचून चष्मा काढला. म्हणाले, ‘मास्टरजी, वसीयत तो आपके बाद चलती है. तब वो किससे बोलेगी? आज ही फोन कर लीजिए.’

संध्याकाळी मी फोन केला. काय म्हणायचे ते मनात नीट जुळवून ठेवले होते. तिने लगेच उचलला आणि दवाई ली का, ते विचारले. तिला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मी म्हणालो, ‘हाँ बेटा, ले ली.’

कलम पाच कायद्याने निरर्थक आहे, हे मला समजले आहे. ते काढू नये.

वरील मजकूर स्वतः वाचून, खाडाखोडीसह मान्य करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

देवदत्त भय्यासाहेब टोकेकर

साक्षीदार:
१. डॉ. मोनाली देशकर, नेपियर टाउन
२. अनुपम तिवारी, वकील

स्थळ: जबलपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४