बांगडीतला काळा पट्टा

४ फेब्रु., रवि.
लेक बंगळूरच्या दुसऱ्या टोकाहून, के. आर. पुरमहून आली, नात इराला घेऊन. इराची फुगे उडवायची काडी बसमध्ये मोडली. रडारड. शेवटी डब्यातून माझी हिरवी काचेची बांगडी काढून दिली. हे गेल्यापासून डबा उघडला नव्हता. लेक बघत राहिली.
लाल फुगे हवेत म्हणून इरानं साबणाच्या पाण्यात चमचाभर कुंकू ओतलं. बोटं लाल, फुगे तसेच, निळे-सोनेरी. "आजी, मग रंग येतो कुठून?" वाचून सांगते म्हटलं.

५ फेब्रु.
लायब्ररीतलं पुस्तक. दोनदा वाचावं लागलं. रंग साबणात नसतोच. पडदा इतका पातळ, की थोडा उजेड पुढच्या बाजूवरून परततो, थोडा आत जाऊन मागच्या बाजूवरून. परतताना दोन्ही भेटतात. काही रंग खुलतात, काही पुसले जातात. जाडी बदलली की रंग बदलला. पाणी ओघळतं, वरचा भाग पातळ होत जातो आणि फुटायच्या आधी सगळेच रंग पुसले जाऊन काळा दिसतो.
अगदी हेच. भांडी घासताना हे म्हणायचे, "वर काळं पडलं की गेला बघ फुगा." मी म्हणायचे, तवा नीट घासला नाहीत, त्याचंच काळं. संसारभर हा वाद.
डोळ्यांनी बघितल्याशिवाय हार मानणार नाही.

७ फेब्रु.
जमत नाही. बांगडीत पडदा धरला, की लगेच फट्. वरच्या मजल्यावरची पद्मक्का डोकावली. "अय्यो वैनी, काय चाललंय?" सांगितलं. "बोअरचं पाणी ना? त्यात माझा शांपू फेसत नाही, तुमचा पडदा कुठला टिकायला? नळाला कावेरीचं येऊ दे. स्वल्प थांबा." मग हळूच, "हिरवीच घेतलीत?"
म्हटलं, चौकोनी नव्हती घरात. खूप हसली.

९ फेब्रु.
कावेरीचं पाणी आलं. साबण, चिमूटभर साखर. खिडकीकडे पाठ, बांगडी उभी, रंग उठावेत म्हणून मागे तवा. हिरवे-गुलाबी आडवे पट्टे खाली सरकत गेले. वर पांढुरकं झालं. मग काळं.
तवा दिसला असेल? पण तेवढाच भाग फुटला असता, तर सगळाच पडदा गेला असता. खालचे रंग जागेवर होते. म्हणजे वरही पडदा होता. दिसत नव्हता इतकंच.
फट्.
बरं. जिंकलात.

११ फेब्रु., रवि.
इराला दाखवलं. "आजी, तो तवाच आहे गं." कितीही सांगा, ऐकत नाही. माझ्यावर गेलीय. हे असते तर...
पुढच्या रविवारी पुन्हा बघायचं ठरलंय.
ती गेल्यावर बांगडी धुतली. संध्याकाळी कणीक मळताना परातीला लागून वाजली, तेव्हा कळलं, हातातच आहे. काढणार होते, पण हात पिठाचे होते.