चावी फिरेना

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

चावी आत जाते, फिरत मात्र नाही! स्टिअरिंग गच्च. डावीकडे-उजवीकडे ओढून पाहिलं, शेवटी लॉकमध्ये खोबरेल सोडलं. ढिम्म. सासूबाई मागच्या सीटवर काळा चष्मा लावून तयार — डोळे तपासायला माणिकपूरला जायचं होतं. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "लतिका, रिक्षा बघ बाई."

गाड्या धुणाऱ्या हरेशचंच काम हे. धुताना गाडी नळापाशी घ्यावी लागते, म्हणून सकाळी बिल्डिंगमधल्या सात जणांच्या चाव्या त्याच्याकडे असतात. चुकून दुसरीच घुसवली असेल आणि पिळली असेल. आणि वर चूप!

मंगळवार, २८ ऑक्टोबर

वॉचमनसमोरच झापलं त्याला. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मी पानी मारतो, पुसतो. लॉकचं मी काय नाय केलं. त्या दिवशी मी तुम्हाला —" मी म्हटलं, "पुरे. कारणं नकोत."

वर येऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : हरेशने आमचं लॉक बिघडवलंय, आपापल्या चाव्या सांभाळा. फार जबाबदार वाटलं तेव्हा.

बुधवार, २९ ऑक्टोबर

बाकीच्या सहाही जणांनी हरेशकडच्या चाव्या काढून घेतल्या. शेजारच्या भूपेशभाईंनी गाड्या धुवायला गोखिवऱ्याचा कोणी नवा माणूस ठरवलासुद्धा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

क्लेमेंट मेकॅनिक आला. स्टिअरिंगखालचं झाकण काढून लॉक सोडवलं, बोनेटवर फडकं पसरून उघडलं. आतून लाल-पिवळा चिखल निघाला. त्यात तांदळाचे दोन दाणे!

"मॅडम, हळद आहे, तांदूळ आहे, तेल आहे. फक्त फोडणी द्यायची राहिली!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दसरा! सकाळी हरेशने गाडी चकचकीत धुऊन दिली होती. मी पूजा केली. चावीलाही दोन्ही बाजूंनी ओलं हळदकुंकू लावलं, वर अक्षता. मुहूर्त टळतोय म्हणून तशीच लॉकमध्ये घातली आणि गाडी सुरू केली. ते आत वाळत गेलं आणि सोमवारी मी त्यावर तेल ओतलं.

क्लेमेंट हसला. मीही हसले. हसूच कसं आलं मला? श्रीरंग ऑफिसातून आल्यावर विचारत होता, काय निघालं? म्हटलं, धूळ. तेवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला धूळ म्हणून सांगितलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

ग्रुपवर लिहिलं. खोडलं. लिहिलं. खोडलं.

शनिवार, १ नोव्हेंबर

टाकलं एकदाचं! श्रीरंगला आधी सांगितलं, मग ग्रुपवर — चूक माझी, पूजेची हळद लॉकमध्ये गेली, हरेशचा काडीचा दोष नाही, त्याला परत बोलवा. म्हटलं, आता सगळे तोंडात शेण घालणार.

कसलं काय! हसून लोळणारी तोंडं, जोडलेले हात. चौथ्या मजल्यावरची रचना : "लतिकाताई, केवढं मोठं मन तुमचं! एवढं कबूल कोण करतं हल्ली?" सासूबाईंनी तो मेसेज मोठ्याने वाचून घेतला माझ्याकडून. लिफ्टमध्येही तेच. दिवसभर माझंच कौतुक.

हरेशला कोणीच बोलावलं नाही. नव्या माणसाला आता कसं काढायचं म्हणे. बरोबर आहे. मी त्याला एका मेसेजमध्ये घालवला, पण दुसऱ्या मेसेजने तो परत येत नाही. आणि मोठं मन माझं! मला माझीच किळस आली.

रविवार, २ नोव्हेंबर

उमेळ्याला हरेशच्या घरी गेले. त्याची बायको शकू, तिने खुर्ची पुसून दिली. हात जोडले मी. म्हटलं, "हरेश, मला खरंच कल्पना नव्हती रे, हळदीने असं होईल."

शकूच बोलली, "पन वहिनी, दसऱ्यालाच ह्यांनी तुम्हाला सांगितलेलं ना? हळद आत जाईल, चावी पुसून देतो म्हनून?"

हो. सांगितलं होतं. आणि मी म्हणाले होते, "पूजेची चावी आहे ती. तुझा हात लावू नकोस."