गोळा झिजला होता, आबा

आबा, मी आता तुमच्यापेक्षा म्हातारी झाले आहे. ज्या वयात तुम्ही गेलात ते वय मागे टाकून मला बरीच वर्षं झाली, तेव्हा आता तुमच्याशी जरा वरच्या आवाजात बोलायला हरकत नसावी. मागच्या आठवड्यात मी शेलूबाजारला बसची वाट पाहत उभी होते. रस्त्याच्या कडेला एक प्रवासी जीप बसली होती. पुढचं एक चाक आत वळलेलं, दुसरं बाहेर. भोवती माणसं जमली होती, आणि कोणीतरी सांगत होतं की सकाळी निघतानाच एक पांढऱ्या कपाळाची बाई आडवी गेली. मी पिशवी खाली ठेवली, काठी टेकत गर्दीत शिरले, वाकून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "बाईचं काही नाही रे बाबा, तुझा स्टेअरिंगचा गोळा निसटला." तो खाली वाकला. तेवढ्यात बस आली, मी चढले. पण घरी पोचेपर्यंत मी मनात तुमच्याशीच भांडत होते, आणि भांडण काही संपेना, म्हणून हे लिहायला बसले.

पहिल्या निवडणुका झाल्या, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुम्ही मला कामरगावहून परत आणलंत. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि नवरा तापानं गेला होता. सासरच्यांनी निरोप धाडला की तुमची मुलगी घेऊन जा. तुम्ही बैलगाडी पाठवली नाहीत, स्वतः जीप घेऊन आलात. लढाई संपल्यावर नागपूरला लष्कराच्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा घेतलेली ती जीप म्हणजे तुमचा जीव. आपल्या इंझोरीच्या काळ्या रानात जिथं बैलांचे पाय रुतायचे तिथून ती गुरगुरत वर यायची आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. त्या दिवशी हसला नाहीत. ड्रायव्हरकाका चालवत होते, तुम्ही त्यांच्या शेजारी, मी मागे माझ्या ट्रंकेजवळ. वारा बोचत होता. तुम्ही न बोलता अंगावरची घोंगडी काढून मागे माझ्या हातात दिलीत आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर बसून राहिलात. ती ऊब मी विसरलेले नाही. हे इथंच लिहून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरीला वाईट तेवढंच आठवतं. पण त्याच रस्त्यावर मी आणखीही एक ऐकलं. ड्रायव्हरकाका शेलूबाजारचे, फौजेत गाड्या चालवून आलेले. दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून धरत ते म्हणाले, "मालक, समोरचे गोळे झिजले. गाडी हातात राहून नाही राह्यली. बदलाव लागते." आणि तुम्ही म्हणालात, "कापूस निंघू दे, मंग पाहू." मी मागे बसून हे ऐकलं. तुम्हाला वाटलं असेल, घोंगडीत गुरफटून पोर झोपली. मी जागी होते, आबा.

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. मला माहेरी येऊन थोडेच दिवस झाले होते. तुम्ही दोघं कारंज्याहून परत येत होतात. गावाबाहेरच्या नाल्याच्या उतारावर स्टेअरिंग एकदम सैल झालं, चाकं वाटेल तिकडे वळली आणि जीप खाली कलंडली. ड्रायव्हरकाकांना खरचटण्यावर निभावलं, तुमचा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला तेव्हा तुम्ही दात आवळून धरले होते, तोंडातून आवाज काढला नाही. जीप बैल लावून ओढत आणली आणि मागच्या आवारात निंबाखाली उभी केली. संध्याकाळी तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या ड्रायव्हरकाकांना सांगितलंत की उद्यापासून येऊ नका. त्यांनी मान खाली घातली, किल्ली कोनाड्यात ठेवली आणि चालत शेलूबाजारचा रस्ता धरला.

मग बैठकीत माणसं विचारपूस करायला येऊ लागली. आत्या त्यांच्यासाठी चहा घेऊन जायची. आई लहानपणीच गेल्यामुळे मला आत्यानंच वाढवलेलं, आणि आत्या स्वतःही माझ्याच वयात कपाळ पुसून माहेरी आलेली. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती चहाचा पेला तुमच्या हातात देता देता सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी घरात आली अन् गाडी नाल्यात गेली. पायगुण म्हंतात तो हाच." मी दाराआड होते. तुम्ही काय बोलता ते ऐकायला मी दाराला कान लावला. एक वाक्य पुरे होतं. गोळे झिजले होते, ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं, मीच लांबणीवर टाकलं. एवढंच. तुम्ही चहा प्यालात. पेला खाली ठेवलात. कोणीतरी कापसाचा विषय काढला आणि तुम्ही त्यावर बोलू लागलात.

आबा, आत्याला मी केव्हाच माफ केलं. तिलाही कधी कोणीतरी असंच म्हटलं असणार, आणि ती ते इतकी वर्षं पोटात घेऊन फिरत होती. पण तुम्हाला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसतं त्याच्या गप्प बसण्यावरून मी भांडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या आवारात गेले आणि जीपच्या पुढच्या बाजूनं खाली शिरले. लहान असल्यापासून ती गाडी उघडलेली मी कितीदा पाहिली होती. पुढच्या चाकांना वळवणाऱ्या लोखंडी दांड्या असतात, त्यांच्या टोकांना वाटीत बसवलेला गोळा असतो, आपल्या खांद्यात असतो अगदी तसा. एका दांडीचा गोळा वाटीतून बाहेर लोंबत होता. बाकीचे हातानं हलवले तर खडखड वाजत होते. मी तिथंच मातीत पडून राहिले, वर काळं तेलकट लोखंड, आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला. इतका राग मला नवरा गेला तेव्हा देवाचाही आला नव्हता.

मी शेलूबाजारला ड्रायव्हरकाकांकडे निरोप धाडला, आणि निरोपाबरोबर माझ्या चांदीच्या तोरड्या. त्या मला आता पायात घालायच्या नव्हत्याच. ते अकोल्याला गेले, लष्करी गाड्यांचं जुनं-नवं सामान विकणाऱ्याकडून नवे गोळे घेऊन आले आणि आपल्या काट्याच्या कुंपणापलीकडून त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आत या, तुम्हीच बसवून द्या. त्यांनी मान हलवली. "मालकानं बोलावल्याबिगर मी फाटकाच्या आत पाय ठेवत नाही, बाई. तू बसव. मी सांगतो." कुंपणाशी उभं राहून त्यांनी सगळं समजावून दिलं. हातोडा गोळ्याला मारायचा नाही, गोळा चाकाकडच्या ज्या लोखंडी कानात अडकला आहे त्या कानाला मारायचा. दांडीच्या एका टोकाचे आटे सुलटे असतात, दुसऱ्याचे उलटे, तेव्हा निघत नाही म्हणून जोर करू नको, दुसऱ्या अंगानं फिरवून पाहा. जुना जितके फेरे घेऊन निघाला तितकेच फेरे देऊन नवा बसव, नाहीतर चाकं एकमेकांकडे तोंड करतील.

आईचं एक जुनं लुगडं मी कासोटा घालून नेसले. जॅक लावला, तो घसरू नये म्हणून आसाखाली बाभळीचा ओंडका सारला. आडव्या पिना पकडीनं ओढून काढल्या, नटांवर घासलेट ओतून ते भिजू दिले. पहिला गोळा निघता निघेना. एका बाजूनं घण टेकवून दुसऱ्या बाजूनं हातोडा घातला, पुन्हा घातला, बोटं सोलली, आणि मग टक्‌ करून तो सुटला. त्या आवाजानं झाडावरचे कावळे उडाले आणि तुम्ही मागच्या दारात आलात. हात झोळीत बांधलेला. माझे फक्त पाय तुम्हाला दिसत असतील.

"उठ तिथून," तुम्ही म्हणालात. "हे बाईमाणसाचं काम नोहे. लोकं पाहून राह्यले."

मी म्हटलं, "पाहू द्या."

तुम्ही पुन्हा उठ म्हणालात, आवाज चढवून. मी उठले नाही. तुमच्यासमोर मी त्याआधी कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही मला ते तोंड वर करून म्हणता आलं नसतं. गाडीखाली होते म्हणून जमलं. तुम्ही बराच वेळ तिथंच उभे होतात. मदत केली नाहीत, पण गेलाही नाहीत. त्याचा अर्थ मी आयुष्यभर लावत आले आहे आणि दर वेळी वेगळा लागतो.

काम पुरं झाल्यावर मी हात धुतले नाहीत. तो सगळ्यात झिजलेला गोळा घेऊन तशीच बैठकीत गेले. तुमच्याजवळ गावातले चारदोन जण बसले होते, दाराशी आत्या होती. मी तो गोळा तुमच्या बाजेवर, पांढऱ्या चादरीवर ठेवला. म्हटलं, "आबा, हा घ्या माझा पायगुण."

तुम्ही गोळ्याकडे पाहिलंत, माझ्या हातांकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "घरात जाय."

"जातो. पहिले सांगा, ड्रायव्हरकाकानं तुमाले सांगतलं होतं का नाही?"

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी आत गेले. त्या रात्री आत्यानं माझ्या ताटात न बोलता भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, आणि पायगुण हा शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकला नाही. तुमच्या तोंडून मला हवा होता तो शब्द तर कधीच आला नाही. सकाळी तुम्ही गडी पाठवून ड्रायव्हरकाकांना बोलावून घेतलंत. त्यांना काय म्हणालात ते मला माहीत नाही. ते गाडीखाली शिरले, प्रत्येक नट ओढून पाहिला, आणि बाहेर येऊन कोणाकडेच न पाहता म्हणाले, "बरोबर बसले."

पुढं मी त्यांच्याकडूनच जीप चालवायला शिकले. तुम्ही आठवडाभर जेवताना माझ्याशी बोलला नाहीत. मग अकोल्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायचं म्हटलं, तेव्हाही तुम्ही नाही म्हणालात. लोक काय म्हणतील, विधवा पोर एकटी शहरात राहते. मी गेले. माझ्या पगारावर जगले, माझ्या नावानं जगले, आणि माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला मी तिच्या पायगुणावरून कोणाला बोलू दिलं नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मी येऊन बसले, तुम्ही माझा हात धरलात, लोकांना वाटलं सगळं मिटलं. नव्हतं मिटलं. तुमचा हात मी सोडला नाही आणि माझं म्हणणंही सोडलं नाही. तुम्ही चांगले बाप होतात, तरी त्या दिवशी बैठकीत चहा पिऊन गप्प बसलात. एकाच्या बदल्यात दुसरं मी खोडून टाकणार नाही.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. खाली जे लिहिते आहे ते तुम्हाला कळू नये असं मला अजूनही वाटतं. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा तुम्ही दोघं जीप घेऊन कारंज्याला गेलात, ती सबंध दुपार मी आवारात पाऊल टाकलं नाही. नट मी स्वतः आवळले होते. ड्रायव्हरकाकांनी ते तपासले होते. मला सगळं ठाऊक होतं. तरी गाडीचा आवाज परत कानी येईपर्यंत मी चुलीमागे पाटावर भिंतीला टेकून, दोन्ही पाय लुगड्याखाली पोटाशी ओढून बसून होते, जमिनीला लागू नयेत म्हणून.