वीस बटणं

प्रिय भुणभुणे,

तुझं पत्र पोचलं. व्हायोलिन हातात घेतलं की नातीला तहान लागते, शू लागते, पेन्सिल हरवते, हे वाचून तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आईवर गेलीय म्हणे! तू लिहिलंस, बाबा, ती वीस बटणांची डबी असेल तर पाठवा. आहे डबी. बांधून दोनदा पोस्टात नेली आणि दोनदा परत आणली. का, ते सांगतो, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे; शिंपी माणूस, माप घेतल्याशिवाय कात्री चालवत नाही.

पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत तू. धडा एकदा वाजवला की एक बटण डबीतून झाकणात. वीसही गेल्याशिवाय खेळायला जायचं नाही. केवढ्या तोऱ्यात मी ही शक्कल काढली होती! पण आज खरं सांगतो, मशीनच्या खडखडाटात मला तुझा एकही धडा नीट ऐकू यायचा नाही. मी नुसती बटणं मोजली. डबी इतक्या लवकर रिकामी व्हायची की तू एका धड्याला दोन-दोन ढकलतेस, तेही मला ठाऊक होतं.

ऐकू यायचं ते दोरा संपून मशीन थांबलं की. आणि नेमकं तेव्हा तू धडा सोडून तुझं स्वतःचं काहीतरी वाजवत असायचीस, वर जाऊन गिरकी घेणारं. गिरकी जरा वर गेली की तुझ्या ध्यानात यायचं, मशीन थांबलंय, आता बाबा ओरडणार; आणि तू तिथंच तारेवरून गज उचलायचीस. एकदा तर मी मुद्दाम मशीनवरून पाय काढला गं. दोरा होता, मला ऐकायचं होतं. तू थांबलीस. मला मेल्याला कौतुक करायची अक्कल कुठली? मी विचारलं, बटणं किती झाली? त्याच वर्षी तू व्हायोलिन कपाटावर टाकलंस. ते मला अजून खातं.

दुकान बंद केल्यापासून दिवस खायला उठतो. गेल्या थंडीत व्हायोलिन खाली काढलं, तारा बदलल्या आणि तुझ्याच मास्तरांकडे जाऊ लागलो. हसू नकोस. तुझी आई म्हणते, मांजराची शेपटी दारात अडकल्यासारखं वाटतं. मीही बटणं मांडली आणि चौथ्याच दिवशी दोन-दोन ढकलायला लागलो! मग एका दुपारी धडा बाजूला ठेवून तुझी ती गिरकी शोधत बसलो. सापडायला अकरा दिवस लागले. चहा निवला, आईनं तीन हाका मारल्या, मला पत्ता नाही. आता रोज आधी गिरकी, मग धडा. गंमत अशी की गिरकीत बोट जिथं अडखळतं तिथं धडाच कामाला येतो, त्यामुळे हल्ली तोही आवडायला लागलाय.

तर डबी पाठवत नाही. सोबत नातीसाठी कोट शिवलाय, त्यालाच वीसही बटणं लावून टाकली: समोर आठ, बाह्यांना चार-चार, खिशांना दोन-दोन. मोजायला एकही उरलं नाही. ती धडा सोडून भलतंच वाजवायला लागली, तर ऐकायला म्हणून नळ बंद करू नकोस. भांडी घासत राहा आणि तिला शेवटपर्यंत जाऊ दे. आणि माझं एक काम कर. तुझी गिरकी माझ्याकडून रोज एकाच जागी तुटते, तू गज उचलायचीस तिथं. पुढचं मला येत नाही, कारण मी ते कधी ऐकलंच नाही. या सुट्टीत ये पोरी, आणि मला पुढचं वाजवून दाखव. या वेळी मी एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
मशीन बंद करून बसलेला
बाबा