सिक्रावर कुणी बसायचं नाही

गेर्गो,

रात्रपाळीत तुझा फोन बंद असतो म्हणून लिहिते. कपडे न बदलता आधी तबेल्यात जा. बाबा चर्चमधून येतील, त्यांना सिक्रावर बसू देऊ नकोस.

सकाळी पोटाखालून खोगिराचा तंग आवळला तशी ती गुडघ्यांवर खाली आली. मला वाटलं नखरे करतेय. वर बसले, तर पाठीची कमान करून तिनं मला कुंपणावर फेकलं. हाताचं विशेष नाही, फेरी त्याच्या गाडीतून मला दवाखान्यात नेतोय. डाव्या हातानं लिहिलंय, समजून घे.

घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मागच्या आठवड्यातल्या एक्स-रेत स्पष्ट दिसतंय. खोगिराखाली तिच्या मणक्यांची टोकं एकमेकांवर घासताहेत. वजन पडलं की कळ सोसवत नाही.

बाबांना हे फोनवर सांगितलं. म्हणाले, "पाठ माझीही दुखते, म्हणून मी कुणाला फेकतो का? आलो की तिची रग जिरवतो." हाताचं सांगितलं नाही, आणखी चिडले असते.

तंग मी सोबत नेतेय. पण बाबा खोगिराशिवाय, उघड्या पाठीवरच घोडेस्वारी शिकलेत, हे लिहिता लिहिता ध्यानात आलं. तेव्हा तिला पिरोश्काकाकूंच्या अंगणात नेऊन बांध. आलुबुखाराच्या झाडावरून भांडण झाल्यापासून बाबा त्या फाटकात पाऊल टाकत नाहीत. हळू, चालवतच ने.

ते तुला शिव्या देतील, देऊ देत. मी पडले तेव्हा उठता आलं. त्यांना या वयात उठता येणार नाही.

एमोके