पातेल्याचा पोचा

४ फेब्रुवारी, सकाळी
निश्चय : यापुढे घरातली एकही वस्तू कचऱ्यात जाणार नाही. सगळ्याचा पुनर्वापर. प्लास्टिक आणि धातू हे दोन्ही विषय मी कोणाच्या शिकवणीशिवाय शिकलो आहे. बादलीत तुकडे टाकले. दुधाच्या कॅनचा तरंगला, पाण्याच्या बाटलीचा बुडाला. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिने विचारलं, बादली कधी रिकामी होईल. जिज्ञासा नाही.

७ फेब्रुवारी
बाटल्यांची झाकणं इस्त्रीखाली वितळवून साबणदाणी करणार होतो. साबणदाणी झाली नाही, इस्त्री गेली. दोष इस्त्रीचा. तिच्या चकतीवर अंश नाहीत, कापडांची नावं आहेत. शेजारचा शिंपी खिडकीतून म्हणाला, निदान दार तरी उघडा, शास्त्रज्ञ. आदराने म्हणाला असावा.

८ फेब्रुवारी
प्लास्टिक बंद. दर वेळी वितळवलं की ते कमकुवत होत जातं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. कितीदाही वितळवा, ॲल्युमिनियमच राहतं. गंजत नाही, चुंबकाला भुलत नाही, ६६० अंशांना वितळतं. माणसाने असं असावं.

१५ फेब्रुवारी, सकाळी
भट्टी तयार. रंगाचा रिकामा डबा, आतून माती, खालून वाऱ्यासाठी बायकोचा हेअर ड्रायर. माल : सासूबाईंचं दुधाचं पातेलं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. बूड काळं, एक पोचा, झाकण धड बसत नाही. त्याच धातूचं नवं, गोल गरगरीत पातेलं ओतून बायकोला चकित करणार. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली आहे.

दुपारी
वितळण्याचा भाग उत्तम. साच्याची वाळू ढासळली. तूर्त गोळा झाला आहे.

संध्याकाळी
बायको चकित झाली.

१६ फेब्रुवारी
बोलत नाही. शांतपणे समजावलं की नष्ट काहीच झालेलं नाही, तुझ्या आईचं पातेलं अणुरेणूंसह या गोळ्यात आहे. तिने गोळा हातात घेतला, ओट्यावर ठेवला आणि माळ्यावरून बॅग काढली. लेकीकडे निघाली. किती दिवस, विचारलं. म्हणाली, बघू. बघू म्हणजे दोन-तीन दिवस.

१९ फेब्रुवारी
गोळ्याचं वजन पातेल्यापेक्षा कमी भरतंय. वितळताना वर राखाडी मळी आली होती, ती मी काढून टाकली. पण ती मळी. स्वयंपाकघरातला काटा बिघडलाय.

२४ फेब्रुवारी
लेकीला फोन. म्हटलं, आईला सांग, नवा साचा घेतलाय. ती म्हणाली, बाबा, तो पोचा आईनेच पाडलेला. लहानपणी जिन्यात तिच्या हातून पातेलं निसटलं होतं. आजी रागावली नाही. उलट दूध उतरवताना तिचा अंगठा फडक्यातून बरोबर त्या पोच्यात बसायचा. मग आईचाही तिथेच बसायला लागला.
हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. मी पोचा दोषांत धरला होता.

१ मार्च
गोळा पुन्हा वितळवला. पुन्हा गोळाच. जरा लहान. हेअर ड्रायरही गेला. शिंपी म्हणाला, काय शास्त्रज्ञ, वहिनी कधी येतायत? म्हटलं, काम चालू आहे.

६ मार्च, सकाळी
उपाय सापडला. अगदी साधा होता. त्याच मापाचं पातेलं दुकानातून आणलं. बूड मेणबत्तीवर काळं केलं. आता फक्त पोचा पाडायचा. लाकडी हातोडी काढून ठेवली आहे. तिला कळणारसुद्धा नाही.

दुपारी
झाकण बसत नव्हतं, म्हणजे पोचा काठाला. पण केवढा? उथळ की खोल? रोजचं दूध त्यातच तापायचं. बादलीतला कुठला तुकडा तरंगला ते आठवतं. ६६० आठवतं. हातोडी दोनदा उचलली, ठेवली.
लेकीला फोन लावला. उचलला बायकोने. पोचा नक्की कसा होता, विचारलं. म्हणाली, दूध उतू जायला लागलं की आधी तिथून यायचं. फोन ठेवला.
कधी येतेस, ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी
नव्या पातेल्यात दूध तापत ठेवलं आणि कुठून उतू येतं ते बघत उभा राहिलो.
सगळीकडून आलं.