चिऊला आवाज सोसत नाही

रविवार संध्याकाळ, चेंबूर

लहानात लहान टेबल सॉ, म्हणजे विजेवरची करवत, बघायला आज गोवंडीच्या दुकानात गेलो. चिऊची खुर्ची तिला पुरत नाही आता. आमची ही पोर अकरा वर्षांची, आधाराशिवाय बसू शकत नाही. तिच्या खुर्च्या मी गॅलरीत हातकरवतीने करत आलो. आता माझा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, करवत बंद.

मशीन झकास होतं, गॅलरीत सहज मावलं असतं. पण आवाज! दुकानदार म्हणाला, "साहेब, याच्याहून कमी आवाजाचं येतच नाही." मी तो आवाज मोबाईलवर घेऊन आलो.

गॅलरीचं दार लावून अगदी हळू लावला. तरी चिऊ ताठ झाली, डोळे फिरले. चिऊची आई सुषमा ओरडली, "बंद कर ते! फिट येतेय तिला!" घाबरून मोबाईल हातातून पडला आणि आवाज चालूच. माझी अक्कल कुठे गेली होती?

चिऊ शांत झाल्यावर सुषमा म्हणाली, "सुताराकडून करून घेऊ ना रे."

मागे एकदा खुर्ची घेतली होती सुताराकडून. आठ दिवसांत चिऊची पाठ सोलली. मी तिला बसवून बघतो, थोडं कापतो, परत बसवतो. ते सुताराला कुठे जमणार? सुषमालाही ती पाठ आठवली असणार. चिऊच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

चिऊ आता झोपलीय. टेपने तिची पाठ मोजली. दिवाळीपासून दोन इंच वाढलीय. आनंद व्हायला हवा ना? माप लिहून ठेवलं. कशासाठी, माहीत नाही.